हिवराला उतरणार कोण?

आमचे बाबालालचाचा झाडांना तिकीट फाडतात.

थाप मारत नाही. निरवांगीहून बारामतीच्या दिशेने निघालात की रस्त्याकडेच्या चारीच्या, म्हणजे पाण्याच्या चराच्या पलीकडे, बांधाच्या कडेला, मधूनमधून एकेक काठी रोवलेली दिसेल. काठीच्या बुडाशी वीतभर, हातभर उंचीचा एखादा कोंब. कुठे पळसाचा, कुठे बेलाचा, कुठे हिंगणबेटाचा. आणि काठीला दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून बांधलेलं पुठ्ठ्याचं तिकीट. त्यावर पंचने पाडलेली भोकं. एक भोक म्हणजे मूळ कापलं. दोन भोकं म्हणजे कोंब वर आला. तीन भोकं म्हणजे, चाचांच्या भाषेत, "पाशिंजर शिटावर बसला, आता उठत न्हाय."

बाबालालचाचा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण ती फक्त कागदोपत्री. घरी पाहुणे आले की ते दारात उभे राहून "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा हाय" म्हणतात. लग्नाच्या पंगतीत वाढायला उभे राहिले तर शेवटच्या पानापर्यंत जाऊन "कुनी ऱ्हायलं का?" असं विचारल्याशिवाय परत फिरत नाहीत. तिकिटाचा पंच त्यांनी नोकरी सुटताना जमा केला आणि आठ दिवसांत इंदापूरच्या एका भंगारवाल्याकडून दुसरा आणला, कारण खिशात पंच नसला की चालताना तोल जातो म्हणे. जैतूनचाचींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, जेवायला हाक मारली की चाचा तोंडाने उत्तर देत नाहीत. दाराच्या कडीवर पंच दोनदा वाजवतात. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंटी म्हणजे चला, हे आमच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

मी त्यांचा शेजारी. लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. माझ्याकडे मोटरसायकल आहे आणि रविवारी सुट्टी असते, हे माझे दोन गुन्हे. रविवारी सकाळी मी चहाचा दुसरा घोट घेतो न घेतो तोच चाचा अंगणात हजर होतात, मागच्या शिटावर बसतात, कुदळ आडवी धरतात आणि माझ्या पाठीवर बोटाने दोनदा टकटक करतात. मग गाडी सोडावीच लागते. मला ते नावाने हाक मारत नाहीत. मी पाशिंजर. तसे त्यांना सगळेच पाशिंजर, पण मी गाडी चालवत असूनही पाशिंजरच, याचं मला जरा वाईट वाटतं.

आता हे झाडांचं खूळ कुठून आलं ते सांगतो.

आमच्या रस्त्यावरच्या थांब्यांची नावं झाडांवरून पडलेली. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, बोलताना बेलाचा थांबा, जोडपळस, हिंगणबेट, आणि आमच्या वस्तीपुढचा हिवराचा थांबा. हिवर म्हणजे आमच्या माळाचं झाड. पांढुरकी पिवळी साल, वर छत्रीसारखा पसारा, आणि काटे असे की शेळीसुद्धा तोंड घालताना विचार करते. चाचा गाडीच्या दारातून अर्धं अंग बाहेर काढून ओरडायचे, "हिवर, हिवर! हिवराला उतरणार कोण?" मग एक घंटी.

या हिवराची एक फांदी खाली आलेली होती आणि उतरणाऱ्या बाईचा पदर धरायची तिला खोड होती. पदर अडकला की चाचा खाली उतरून तो सोडवून द्यायचे. ड्रायव्हर वैतागून हॉर्न वाजवायचा. जैतूनचाची माहेराहून, लोणी भापकरहून परत यायच्या तेव्हा तर हमखास. त्या हिवराला शिव्या घालायच्या, चाचा पदर सोडवायचे आणि अख्खी गाडी खिडकीतून मजा बघायची. चाचा सांगतात, "बाकीच्यांचा पदर मी चटशिरी सोडवायचो. हिचा सोडवाया येळ लागायचा."

पुढे रस्ता रुंद व्हायला लागला. काम बारामतीच्या बाजूने सुरू झालं आणि अडीच वर्षं आमच्याकडे सरकत राहिलं. एकेका थांब्याचं झाड पडत गेलं. रस्ता झकास झाला, खोटं कशाला बोलू? माझी कामावर जायची दहा मिनिटं वाचली. पण लोक थांब्यांना पेट्रोलपंप, वजनकाटा, हिरवं शटर असं काहीबाही म्हणायला लागले आणि चाचांचं डोकं फिरलं.

"आरं, पेट्रोलपंपाला मूळ हाय का? उद्या पंप हलला तर मानसानं उतरायचं कुठं?"

मी म्हणालो, "चाचा, आता मोबाईलमध्ये नकाशा असतो."

"त्यो नकाशा सावली देतो का?" असं म्हणून त्यांनी माझा फोन उन्हात धरून बघितला आणि परत दिला.

एके दिवशी ते जोडपळसाच्या जागेवर उभे होते. पळस पाडून चार महिने झालेले. चारी खणताना यंत्राने एक मूळ तोडलं होतं आणि त्या तुटक्या टोकाला पळसाची तीन पानं आली होती. तांबूस, कोवळी, कानाच्या पाळीएवढी. चाचा उकिडवे बसले ते उठेनात. शेवटी मी हात दिला तेव्हा म्हणाले, "बी पेरलं की झाडाचं पोर येतं, पाशिंजर. मुळावरनं फुटलं की झाडच माघारी येतं. ह्यो गेलाच नव्हता. खाली बसला हुता."

त्या दिवसापासून चाचा मुळांच्या मागे लागले. पद्धत तशी सोपी. पडलेल्या झाडाच्या आसपास बांधात चर खणायचा. अंगठ्याएवढं मूळ सापडलं की नखाने साल खरवडायची. आत ओल असली तर ते जिवंत. मग धारेच्या कोयत्याने एका घावात तोडायचं, बुंध्यापासून लांब जाणाऱ्या भागाचं तुटकं टोक जरासं वर उचलून ठेवायचं, वरून भुसभुशीत माती, आणि कळ काढायची. पाणी नाही, टँकर नाही. नर्सरीतून आणलेलं रोप आमच्या माळावर होळीला मान टाकतं. हा फुटवा टाकत नाही, कारण खाली दहा हात मूळ आधीपासून तयार असतं. चाचा म्हणतात, "ह्येचं रिझर्वेशन हाय."

अडचण एकच. जमिनीखाली कुणाचं मूळ कोणाचं हे कळत नाही. चाचांनी त्यावर तोडगा काढला. ते मूळ चावून बघतात. अमुक एक तुरट म्हणजे हिवर, तमुक एक कडसर म्हणजे हिंगणबेट. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या दाढीचा माणूस खड्ड्यात बसून मूळ चघळतोय आणि मी शेजारी मोटरसायकल धरून उभा आहे, हे दृश्य माझ्या सासुरवाडीच्या लोकांनी जीपमधून जाताना बघितलेलं आहे. त्यावर आमच्या घरी आजही कोणी काही बोलत नाही.

बेलाच्या थांब्यापाशी तर कहर झाला. चाचांनी तिथे एक काळं, अंगठ्याएवढं, अगदी सरळसोट मूळ शोधून काढलं, एका घावात तोडलं, टोक वर उचलून शेणमातीने नीट लिंपलं आणि तिकिटाला एक भोक पाडलं. त्याच दिवशी अर्ध्या गावाचं इंटरनेट गेलं. दुरुस्तीची माणसं दोन दिवस रस्ता हुंगत फिरली, पण तुटलेलं टोक सापडेना, कारण ते आमच्या चाचांनी इतकं प्रेमाने झाकलेलं होतं. शेवटी तिकीट बघून कोणाला तरी उमगलं.

मी विचारलं, "चाचा, चावून नव्हतं बघितलं?"

"बघितलं की."

"मग?"

"जरा बेचव लागलं," चाचा म्हणाले, "म्हटलं दुष्काळातलं मूळ आसंल."

गावातली पोरं आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाहीत. चाचा मात्र त्यानंतरही दोनदा त्या टोकाला काही फुटतंय का ते बघून आले, असा माझा दाट संशय आहे.

दुसरा प्रताप पोपटरावांचा. पोपटराव आमच्या वस्तीचे ऊसवाले बागायतदार. बेलाचं खरं मूळ पुढे त्यांच्याच एका वावराच्या बांधात सापडलं आणि त्याला सुरेख कोंब आला. आता ऊसवाल्या माणसाला फुटवा दिसला की त्याच्या हाताला खाज सुटते. पोपटरावांनी चाचांना खूश करायचं म्हणून गुपचूप ठिबकची नळी कोंबापर्यंत ओढली आणि बुडात दोन मुठी युरिया टाकला. आठवड्यात बेल पिवळा पडला, पंधराव्या दिवशी काळा.

चाचा तिथे उभे राहिले. पोपटराव मान खाली घालून म्हणाले, "चाचा, मला वाटलं फुटवा हाय, तर पानी द्यावं."

"पोपटराव, ह्यो उपाशी वाढणारा गडी हाय. तुमी त्येला लग्नाच्या पंगतीला बशिवलं."

एवढं बोलून चाचांनी त्या तिकिटावर काट मारली. रागावले नाहीत, आणि त्यामुळेच पोपटराव जास्त ओशाळले.

असे दोन वर्षांत अकरा थांबे झाले. गाव हसायचं, मीही हसायचो. घरी जैतूनचाचीही हसायच्या. मी त्यांच्या ओट्यावर टेकलो की त्या विचारायच्या, "कुठल्या गाडीनं आलास?" आमच्या दोन घरांत एक भिंत. मला वाटायचं, नवऱ्याच्या खुळाची थट्टा करतायत. मीही तोंड गंभीर करून सांगायचो, "साडेनऊच्या." त्या म्हणायच्या, "बरी येळेवर आली." आणि चहा टाकायला उठायच्या. कधीकधी त्या चहा टाकायला उठायच्या आणि चहा यायचाच नाही. त्याचंही मला तेव्हा काही वाटलं नाही. माणूस आपल्याच विनोदावर खूश असला की त्याला समोरचं दिसत नाही.

माघात रस्ता आमच्या वस्तीपर्यंत पोचला आणि हिवर पडला. चाचा त्या दिवशी घराबाहेर आले नाहीत. यंत्राने बुंधा मुळासकट उपटून नेला, खड्डा भरला, वर डांबर पडलं.

चार दिवसांनी जैतूनचाची दळण घेऊन गिरणीत गेल्या आणि परत आल्याच नाहीत. गिरणी रस्त्याच्या कडेने सरळ, पाच मिनिटांची वाट. मी आणि चाचा मोटरसायकलवर निघालो. दोन किलोमीटर पुढे, पेट्रोलपंपासमोर, कडेवर पिठाचा डबा धरून त्या उभ्या होत्या. उन्हाने चेहरा लाल झालेला.

चाचा म्हणाले, "अगं, घर मागं ऱ्हायलं."

"न्हाय," चाची म्हणाल्या. "हिवर आला न्हाय अजून. हिवर आला की उतरते."

मी चाचींना गाडीवर घरी, माझ्या बायकोजवळ सोडलं आणि चाचांना न्यायला परत आलो. ते पंपाच्या कट्ट्यावर बसले होते, पिठाचा डबा मांडीवर घेऊन. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला पाशिंजर न म्हणता नावाने हाक मारली.

"सुरेश, तीन वर्सं झाली. आधी चहात मीठ पडाया लागलं. मग पोटच्या पोरीचं नाव गेलं. डागदर म्हनला, ह्ये वाढत जानार. पन घर सापडायचं तिला. हिवर दिसला की वळायची. हिकडनं सडक येत हुती, तिकडनं तिचा इसर येत हुता. मी बघतच हुतो, दोन्ही एकाच थांब्यावर येनार ते."

मी म्हणालो, "म्हणून तुम्ही ही सगळी झाडं..."

"हिवराला एकच चान्स मिळनार हुता. हात बसायला नको का? म्हून आधी दुसऱ्यांच्या थांब्यावर हात साफ केला. तुमी हसत हुता ते बरंच हुतं. हसला नसता तर सांगावं लागलं आसतं."

अकरा झाडं त्यांनी सरावासाठी लावली होती. दोन वर्षं मी त्यांच्यावर विनोद केले आणि कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत ते पुन्हा सांगून लोकांना हसवलं. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती मी त्यांच्याजवळ बोलून दाखवली. चाचा म्हणाले, "तिकीट काढलंयस न्हवं? मग लाजायचं न्हाय," आणि उठून मागच्या शिटावर बसले.

हिवराच्या मुळांचा शोध सुरू झाला. तीन बाजूंना डांबर. चौथ्या बाजूला चारी, तिच्यापलीकडे पोपटरावांचा बांध. त्या बांधात तीन दिवस खणल्यावर एकच मूळ सापडलं. चाचांनी चावलं, डोळे मिटले, म्हणाले, "ह्योच." मी हळूच विचारलं, "केबल नाही ना?" तर हिवर पडल्यापासून पहिल्यांदाच हसले.

पण घाव काही पडेना. अकरा मुळं एका घावात तोडणारा माणूस त्या बाराव्यापुढे दोन रविवार नुसता बसून राहिला. तिसऱ्या रविवारी मी त्यांच्या पाठीवर बोटाने दोनदा टकटक केलं. त्यांनी मागे वळून बघितलं आणि घाव घातला.

नंतरचे दोन महिने आमच्या वस्तीला दुसरं काम नव्हतं. पोपटरावांनी त्या बांधाकडची ठिबकची नळी काढून गुंडाळून घरात नेऊन ठेवली, आणि कोणी बाटलीतलं पाणी पीत तिकडून गेलं तरी ते "लांबनं, लांबनं!" म्हणून ओरडायचे. इंटरनेटपायी रुसलेल्या त्याच पोरांनी बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं. वैशाखात, सगळा माळ भाजत असताना, मातीतून बोटभर कोंब वर आला. चाचांनी तिकिटाला दुसरं भोक पाडलं आणि वस्तीत साखर वाटली.

मग चाचींना हाताला धरून दाखवायला नेलं. त्यांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं. "कसलं काटं लावल्यात?" म्हणाल्या आणि निघाल्या. पावसाळ्यात हिवर गुडघ्याला आला, दसऱ्यापर्यंत कमरेला. चाचांनी कुंपण काढलं. रोज सकाळी ते चाचींना तिथून चालवत न्यायचे, रोज चाची सरळ पुढे जायच्या. झाड तेच होतं, पण चाचींच्या डोळ्यांपुढे जे होतं ते डोक्यावर सावली धरणारं, आणि ते व्हायला अजून पंधरा वर्षं. एवढा वेळ कुणाकडेच नव्हता. तिसरं भोक काही पडलं नाही.

दिवाळीच्या आदल्या रविवारी चाचा अंघोळीला गेले तेवढ्यात चाची पुन्हा निघून गेल्या. ओल्या केसांनी चाचा माझ्या गाडीवर बसले. आम्ही एकेक थांबा धुंडाळला. पेट्रोलपंप, वजनकाटा, हिंगणबेट, जोडपळस. कुणी बघितलं नव्हतं. मागे बसलेल्या चाचांची मूठ माझ्या शर्टात इतकी आवळलेली की गळ्याचं बटण तुटलं. शेवटी मी गाडी वळवली. म्हटलं, उलट्या दिशेला बघू.

वस्ती जवळ आली तसा बांधावरून आवाज यायला लागला. कोणीतरी कोणालातरी सणसणीत शिव्या देत होतं.

"सोड! सोड की मेल्या! मानूस बघत न्हायस, काय न्हाय! म्हातारी झाले तरी सोडंना!"

जैतूनचाची हिवरापाशी उभ्या होत्या. कमरेएवढ्या त्या झुडपाने त्यांचा पदर दोन ठिकाणी धरला होता. आम्ही जाताना त्या बांधापलीकडे वाकून उभ्या असणार, म्हणून दिसल्या नव्हत्या. त्या पुढे जातच नव्हत्या. एका हाताने पदर ओढत होत्या, दुसऱ्या हाताने झाडाला धमकावत होत्या, आणि मान वळवून स्वतःच्या घराकडे बघत होत्या.

मी सोडवायला पुढे झालो तर चाचांनी माझा दंड धरला. त्यांनी खिशातून पंच काढला. मोटरसायकलच्या हँडलवर त्यांनी तो एकदाच वाजवला आणि घसा खाकरून, सगळ्या माळाला ऐकू जाईल असं ओरडले, "हिवर, हिवर! हिवराला उतरणार कोण?"

चाचींनी वर बघितलं.

"मी हाय की," त्या म्हणाल्या. "कवाची उभी हाय. जरा ह्यो पदर सोडवा, घरी जायाचंय मला."

चाचा चारी ओलांडून गेले आणि खाली वाकून पदर सोडवायला लागले. काटे दोनच होते, पण त्यांना बराच वेळ लागला. मी हॉर्न वाजवला नाही.